घासाघीस आणि रास्त किंमत

खोटे बोलण्याचा मोह आम्हांला कधी झालाच, तर तो एखाद्या मोठ्या संकटात होईल, कुणाचा तरी जीव वाचवण्यासाठी होईल, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात तो झाला बारामतीतील मोटारींच्या एका शोरूममध्ये, काचेच्या थंडगार खोलीत, चहाचा घोट घेता घेता. तेथे जीव कुणाचाच धोक्यात नव्हता. वाचवायचे होते ते आठ हजार रुपये, आणि तेही आमचे नव्हेत.

प्रसंग २०२५ सालच्या दसऱ्याच्या आठवड्यातला. आमच्या धर्मग्रामातील एक निवृत्त शिक्षक पहिलीच मोटार घेणार होते. आयुष्यभर सायकल आणि मग दुचाकी यांवर बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्या त्यांनी पालथ्या घातल्या. आता गुडघे साथ देईनात. लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबरपासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला होता आणि त्यावरचा अधिभारही गेला होता. गुरुजींनी मनाशी हिशेब केला आणि आम्हांला गळ घातली, "फादर, तुम्ही बरोबर चला. मला भाव करता येत नाही. तुम्ही देवळाचं बांधकाम केलंय, सिमेंटवाल्याशी बोललाय." आम्ही गेलो.

विक्रीचे काम पाहणारा मुलगा पंचविशीचा, बोलायला गोड. त्याने कागदावर आकडे मांडले, आम्ही एकेक ओळ खोडत गेलो. शेवटी आठ हजारांवर गाडी अडली. तो म्हणाला, "सर, आता माझ्या हातात काही नाही." तेव्हा आम्ही शांतपणे म्हणालो, "पुण्यात आम्हांला एवढ्यात मिळते आहे." पुण्यात आम्ही कुणालाही विचारलेले नव्हते. मुलगा आत गेला, पाच मिनिटांनी परत आला आणि आठ हजार कमी झाले. गुरुजींच्या चेहऱ्यावर कौतुक होते. आम्हीही मनातून सुखावलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

शेजारच्या मेजाशी तेवढ्यात आणखी एक गाडी विकली जात होती. इंदापूर तालुक्यातील एक वयस्क शेतकरी आणि त्यांची पत्नी. टोपी मांडीवर, पैशांची पिशवी पदराखाली. मुलाच्या नावाने गाडी घ्यायची होती. मुलगा परगावी नोकरीला. त्यांच्यापुढेही तसाच कागद होता. बाबांनी तो हातात घेतला, वाचला नाही, आणि म्हणाले, "काय आसंल ते सांगा सायेब, आमाला काय कळतंय त्यातलं." आम्ही ज्या ज्या ओळी खोडून घेतल्या होत्या, त्या सगळ्या त्या कागदावर शाबूत राहिल्या. बाबांनी सही केली. मावशींनी पेढ्याचा पुडा उघडून आम्हांलाही पेढा दिला. आम्ही तो घेतला, खाल्ला आणि गप्प राहिलो.

इंदापूरच्या रस्त्याने परतताना दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. गुरुजी बोलत होते, आम्ही ऐकत नव्हतो. आमच्या मनात दोन प्रश्न घोळत होते. आम्ही जे बोललो ते पाप होते काय? आणि जे बोललो नाही, त्याचे काय? वाचकांपैकी अनेकांनी गाडी घेतली असेल, काहींच्या घरी ती लवकरच येईल. म्हणून हा विचार त्यांच्यासमोर मांडण्याचे धाडस करीत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की मोटारीच्या भावासाठी घासाघीस करणे ही आपल्याकडे जुनी गोष्ट नाही. १९८३ सालच्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, त्यापूर्वीची पिढी अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत असे. आपल्या जिल्ह्यातील आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाज स्कूटरचीही हीच तऱ्हा होती. ज्याचा क्रमांक लागे तो ठरलेल्या किमतीला गाडी घेई, आणि ज्याला घाई असे तो वर काळे पैसे मोजून दुसऱ्याचा क्रमांक विकत घेई. त्या काळी गिऱ्हाईक हात जोडून उभे राही. १९९१ नंतर उद्योगांवरील परवान्यांची बंधने सैल झाली, कंपन्या वाढल्या, गाड्या अंगणात उभ्या राहू लागल्या आणि हात जोडण्याची पाळी विक्रेत्यावर आली. टंचाईत विकणारा राजा असतो, मुबलकतेत घेणारा. या सत्तांतरात नीतीचा संबंध कुठे येतो, हे पाहायला दोघांनाही सवड नसते.

आता त्या कागदाकडे वळू. त्यावर साधारण आठ-दहा ओळी असतात. पहिली ओळ शोरूममधील मूळ किंमत. ती कंपनी ठरवते. दुसरी रस्ताकराची; ती सरकारची. दहा लाखांच्या आतील पेट्रोल मोटार स्वतःच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात हा कर ११ टक्के पडतो, आणि गाडीला 'एमएच ४२' हा बारामतीचा क्रमांक लागो की पुण्याचा 'एमएच १२', त्यात फरक होत नाही. नोंदणीचे शुल्क ठरलेले. या ओळींवर कितीही गोड बोलले तरी उपयोग नाही. भाव होतो तो खालच्या ओळींवर. विमा, गाडीच्या अंगावर चढवायची आभूषणे, वाढीव हमी, आणि 'हाताळणी' नावाची एक गूढ रक्कम. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही; कायद्याला हवा असलेला विमा कोठूनही घेता येतो. त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा मात्र १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. पायपुसणी, आसनांची आवरणे, दरवाजाच्या पट्ट्या बाहेर स्वस्त मिळतात. हाताळणीची रक्कम कशाबद्दल, असे विचारले की ती बहुधा हवेत विरते. शिवाय महिनाअखेरीस विक्रीचे लक्ष्य गाठायचे असते. सरत्या वर्षात तयार झालेली गाडी जानेवारीत जुनी ठरते, म्हणून डिसेंबरात सूट वाढते. आणि कर्जही त्याच मेजावरून घेतले, तर त्यातूनही विक्रेत्याला काही मिळते. हे ज्याला ठाऊक, त्याच्यासाठी तो कागद म्हणजे बोलणी सुरू करण्याचे निमित्त. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी तो हुकूमनामा.

मग रास्त किंमत कोणती? पुण्याच्या गुरुविद्यालयात नैतिक ईशज्ञान शिकताना हा प्रश्न आम्हांला कंटाळवाणा वाटे. तेराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांशी आमचे काय देणेघेणे, असे आम्ही विचारीत असू. आज ती पाने पुन्हा उघडली. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ईशज्ञानसारात खरेदी-विक्रीतील फसवणुकीला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की खरेदी-विक्री दोघांच्याही हितासाठी निर्माण झाली. म्हणून तिचा भार एकावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी पडता कामा नये. पण रास्त किंमत ही गणितातल्या बिंदूसारखी नेमकी नसते. ती एक अदमास असते आणि थोडे इकडेतिकडे झाल्याने न्याय मोडत नाही. त्यांच्यानंतरच्या ईशज्ञान्यांनी यालाच तीन पायऱ्या दिल्या: उच्च, मध्यम आणि नीच. या तिहींच्या दरम्यान कोठेही व्यवहार ठरला तरी तो न्याय्यच.

यातून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते. घासाघीस स्वतः पाप नाही. रास्त किंमत हा एक पट्टा असेल, तर त्या पट्ट्यात कोठे थांबायचे हे दोघांनी बोलूनच ठरवायचे. मंडईत कोथिंबिरीची जुडी घेताना आपल्या आया-मावश्या जे करतात, त्यात एक प्रकारची माणुसकीही असते. विचारपूस होते, थट्टा होते, शेवटी एखादी मिरची वर पडते. संत थॉमस यांनी पाप पाहिले ते अन्यत्र. घेणाऱ्याची गरज मोठी आहे एवढ्याच कारणाने भाव वाढवणे त्यांनी नाकारले, कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही. जे आपले नाही ते विकता येत नाही. 'गरजवंताला अक्कल नसते' ही आपली म्हण आपण गरजवंताला हिणवण्यासाठी वापरतो. वस्तुतः ती ऐकून लाज वाटायला हवी ती त्याच्या समोर बसलेल्याला.

संत अगस्तीन यांनी याहून मार्मिक गोष्ट सांगितली आहे. एका नटाने जाहीर केले, की उद्याच्या खेळात मी प्रत्येकाच्या मनातले ओळखून दाखवीन. गर्दी लोटली. तो म्हणाला, तुम्हां सर्वांना स्वस्तात घ्यायचे आहे आणि महागात विकायचे आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अगस्तीन मात्र टाळी वाजवीत नाहीत. ते म्हणतात, ही वृत्ती सार्वत्रिक वाटली तरी ती दोषच आहे. आणि पुरावा म्हणून आपल्या माहितीतल्या एका माणसाची हकिकत देतात. त्याच्यापुढे एक हस्तलिखित विकायला आले. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते, म्हणून त्याने क्षुल्लक किंमत मागितली. या माणसाने मागितल्यापेक्षा कितीतरी अधिक, म्हणजे रास्त होती तेवढी किंमत त्याच्या हातावर ठेवली. ज्ञान आपल्यापाशी आहे आणि समोरच्यापाशी नाही, एवढ्यावरून नफा मिळवायचा नाही, असे त्याने ठरवले होते.

आता आमच्या असत्याकडे. परतीच्या वाटेवर आम्ही स्वतःची नाना प्रकारे समजूत घातली. पुण्यात खरोखरच स्वस्त मिळत असेल, म्हणजे आमचे म्हणणे खोटे होते असे कशावरून? 'मिळते' म्हणजे 'मिळू शकते' असा अर्थ आम्ही मनात धरला होता, असे म्हणता येईल. पण ही पळवाट जुनी आहे आणि ती बुजवलेलीही आहे. ओठांवर अर्धे वाक्य आणि मनात उरलेले अर्धे, अशा शब्दच्छलाला मुभा देणारी मते पोप अकरावे इनोसंट यांनी १६७९ साली धिक्कारली. ऐकणाऱ्याला ज्याचा पत्ता लागणे शक्यच नाही, ते वाक्य खरे ठरत नाही.

दुसरी सबब अधिक बळकट आहे. बाजारात सगळेच असे बोलतात. विकणाराही 'ही शेवटची किंमत' म्हणतो आणि ती शेवटची नसते. दोघांनाही ठाऊक असते, म्हणून येथे फसवणूक नाही, हा एक खेळ आहे. या युक्तिवादात तथ्य आहे. पत्त्यांच्या डावात आपली पाने झाकून धरणाऱ्याला कुणी लबाड म्हणत नाही. आपण किती देऊ शकतो हे न सांगणे, मुद्दाम उठून दाराकडे चालू लागणे, 'महाग वाटते' म्हणणे, हे पाने झाकण्यासारखे आहे. पण 'पुण्यात एवढ्यात मिळते' हे विधान जगाविषयीचे आहे. ते ऐकणाऱ्याने विश्वासाने घ्यावे म्हणूनच केले जाते. विश्वास बसला नाही तर त्याचा उपयोगच नाही. तेव्हा तो पाने झाकण्याचा प्रकार नव्हता, खोटे पान टाकण्याचा होता. जुन्या करारातील नीतिसूत्रांत एक गिऱ्हाईक आहे. घेताना ते मालाला नावे ठेवते आणि घरी जाऊन स्वस्तात मिळाल्याच्या बढाया मारते. गुरुजींच्या घरी त्या संध्याकाळी आमच्या चातुर्याची कथा तीनदा सांगितली गेली. आम्ही एकदाही अडवले नाही.

आणि ते आठ हजार गेले कुणाच्या खिशातून? आम्ही सोयीस्करपणे 'कंपनीच्या' असे समजलो होतो. मोटारविक्रेत्याचा नफा मूळ किमतीच्या थोड्याच टक्क्यांचा असतो. आणि विकणाऱ्या मुलाची कमाई पुष्कळदा त्याच वरच्या ओळींवर अवलंबून असते, ज्या आपण खोडतो. ते मूल कुणाच्या तरी घरचेच असते.

तरीही आमच्या असत्यापेक्षा आमचे मौन अधिक जड होते, असे विचारान्ती वाटते. असत्याने एका जाणत्या माणसाचे नुकसान केले, मौनाने दोन अजाणांचे. घासाघीसच्या व्यवहारात सर्वांत गंभीर अन्याय असतो तो हा. जो बोलू शकतो त्याला सूट मिळते आणि ती सूट न बोलणाऱ्याकडून भरून काढली जाते. एकाच छताखाली, एकाच सकाळी, एकाच गाडीला दोन किमती पडतात आणि फरक पडतो तो केवळ माणसांच्या शिक्षणाचा, पोशाखाचा, बोलीचा. अमेरिकेतील कायद्याचे अभ्यासक इयन एअर्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हेच आढळले. शिकागो परिसरातील मोटारविक्रेत्यांकडे त्यांनी गोरे आणि काळे, पुरुष आणि स्त्रिया असे गिऱ्हाईक पाठवले. सर्वांना बोलणी करण्याची एकच पद्धत शिकवून ठेवली होती. तरीही विक्रेत्याने आकारलेला नफा गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत गोऱ्या स्त्रियांना ४० टक्के जास्त पडला, काळ्या पुरुषांना दुपटीहून अधिक आणि काळ्या स्त्रियांना तिपटीहून अधिक. म्हणजे शब्द तेच असूनही भाव तोच होत नाही. तोंड पाहून भाव होतो. आमच्या अंगावर पांढरा झगा नव्हता, पण इस्त्रीचा सदरा होता आणि तोंडात पुस्तकी मराठी होती. बाबांच्या मांडीवर टोपी होती.

यात आणखी एक विपरीत गोष्ट आहे, आणि ती बारामती-इंदापूरच्या मातीतली आहे. हा शेतकरी ज्या पैशांतून गाडी घेतो ते उसाचे. माळेगाव असो, सोमेश्वर असो, भवानीनगरचा छत्रपती असो, उसाचा भाव शेतकऱ्याला कारखान्याच्या गव्हाणीपाशी उभे राहून घासाघीस करून मिळत नाही. केंद्र सरकार तो जाहीर करते, आणि त्याचे नावच 'रास्त आणि किफायतशीर दर' असे आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला; त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. पैसे चौदा दिवसांत द्यावेत, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तरी त्यासाठी आंदोलने करावी लागतात, हे आपण पाहत आलो आहोत. संत थॉमस यांचा शब्द सरकारी कागदावर असा उतरला, ही समाधानाची गोष्ट आहे. एकटा शेतकरी कारखान्यापुढे दुबळा आहे, त्याच्यावर 'भाव करून घे' असे सोडता येणार नाही, हे कायद्याने ओळखले. पण तोच शेतकरी गाडी घ्यायला आला की कायदा मागे राहतो. जो विकताना भाव करू शकत नाही, तो घेतानाही करू शकत नाही.

'पण त्यांनी सही केली ना? कुणी बळजबरी केली नव्हती.' असे कुणी म्हणेल. पोप सहावे पौल यांनी १९६७ सालच्या आपल्या परिपत्रकात राष्ट्राराष्ट्रांतील व्यापाराविषयी जे म्हटले, ते मेजाच्या दोन बाजूंनाही लागू आहे. दोघांची ताकद फार विषम असेल, तर केवळ संमती झाली म्हणून करार न्याय्य ठरत नाही. मजुरीच्या कराराविषयी पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच हे तत्त्व घालून दिले होते.

मग घासाघीसच बंद करावी, सर्वांना एकच किंमत असावी, हे उत्तर सुचते. ते नवे नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी, मागायचे एक आणि घ्यायचे दुसरे हे असत्य आहे अशा श्रद्धेने, एकच भाव सांगायला प्रारंभ केला. आधी गिऱ्हाईक बिचकले. मग त्यांच्या ध्यानात आले, की या दुकानात लहान मुलाला पाठवले तरी फसगत होत नाही. एक भाव म्हणजे काय, याची याहून सुंदर व्याख्या आम्हांला ठाऊक नाही. लहान मूल पाठवता येईल असे दुकान!

तथापि एकच भाव नेहमीच दुबळ्याच्या बाजूने असतो, असेही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २३ ऑगस्ट २०२१ रोजी मारुती सुझुकी कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड केला. कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे विक्रेत्यांनी सूट देऊ नये, असा दंडक ती चालवीत होती. विक्रेत्यांवर पाळत ठेवायला गिऱ्हाईक बनून माणसे पाठवली जात आणि कुणी जास्त सूट देताना सापडला तर त्याला दंड होई, असा निष्कर्ष आयोगाने काढला. प्रकरणाला तोंड फुटले ते विक्रेता म्हणवणाऱ्या एका निनावी तक्रारदाराच्या पत्राने. कंपनीने आरोप नाकारले आणि आदेशाविरुद्ध अपील केले. त्या वादात आम्हांला पडायचे नाही. पण त्यातून एवढे समजते, की एकच किंमत प्रामाणिकपणातूनही येऊ शकते आणि वरच्याच्या धाकातूनही. क्वेकर दुकानदाराने आपला हात स्वतः बांधून घेतला होता. येथे प्रश्न होता तो दुसऱ्याचा हात बांधण्याचा. म्हणून नियमाने सर्व काही सुटेल, या भ्रमात राहू नये. शेवटी प्रश्न मेजाशी बसलेल्या माणसाचाच उरतो.

अशा वेळी आम्हांला पितामह अब्राहाम आठवतो. उत्पत्तीच्या पुस्तकात त्याचे दोन सौदे आहेत. पत्नी सारा वारली तेव्हा तिला पुरण्यासाठी त्याला जमीन हवी होती. एफ्रोनने सगळ्यांदेखत चारशे शेकेल चांदीचा आकडा उच्चारला. अब्राहाम एका शब्दानेही भाव करत नाही. चांदी तोलून देतो. पण तोच अब्राहाम त्याआधी सदोम नगरासाठी साक्षात परमेश्वराशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? तीस? वीस? दहा? तब्बल सहा वेळा तो विनवतो, आणि परमेश्वर त्याच्यावर रागावत नाही. स्वतःसाठी मुकाट मोजणारा हा माणूस दुसऱ्यांसाठी मात्र थांबतच नाही. आम्ही याच्या नेमके उलट वागलो होतो. आमच्या माणसासाठी सहा वेळा बोललो आणि परक्यांसाठी एकदाही नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही दोन्ही ठिकाणी गेलो. त्या मुलाला गाठून खरे सांगितले. तो हसला. म्हणाला, "फादर, सगळेच पुण्याचं नाव घेतात. तुम्ही घेतलं म्हणून आत जाऊन विचारलं." यापेक्षा त्याने आम्हांला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. आमच्या पेशावर त्याने ठेवलेला विश्वास आम्ही आठ हजारांना विकला होता. गुरुजींनी ती रक्कम परत देऊ केली. शोरूमच्या हिशेबात ती घेण्याची सोय नव्हती. शेवटी त्या पैशांतून गुरुजींनी तेथूनच काही वस्तू घेतल्या, ज्यांची त्यांना फारशी गरज नव्हती. भरपाई अशी ओबडधोबडच होते.

मग इंदापूर तालुक्यातील त्या वस्तीवर गेलो. गाडी दारात उभी होती, बॉनेटवर झेंडूचा वाळलेला हार. आम्ही कागद मागून घेतला, एकेक ओळ समजावून सांगितली. वाढीव हमी रद्द करता आली आणि तेवढे पैसे पुढे परत आले. बाकीचे गेले ते गेले. बाबा म्हणाले, "जाऊ द्या फादर, गाडी दारात आली." मावशी चहाचे कप घेऊन आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. आवाजात राग नव्हता. एवढेच म्हणाल्या, "तवाच सांगायचं व्हतं की."

या वाक्यावर आम्ही अद्याप विचार करीत आहोत. ईशज्ञानाच्या ग्रंथांत याला उत्तर नाही, कारण उत्तराची गरजच नाही. ते खरे आहे. वाचकहो, गाडी घ्यायला जाल तेव्हा भाव जरूर करा. कागदाची प्रत्येक ओळ कशाबद्दल ते विचारा, विमा बाहेरही विचारा, गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते पाहा. पण जे दुसरीकडे विचारले नाही ते विचारले असे सांगू नका, आणि मुलाच्या पगारातून आपली सूट काढू नका. शक्य असेल तर एकटे जाऊ नका; ज्याला भाव करता येत नाही अशा एखाद्या शेजाऱ्यालाही बरोबर न्या. आणि पलीकडच्या मेजाशी कुणी कागद न वाचता सही करताना दिसले, तर खुर्ची थोडी सरकवून एवढेच म्हणा, "बाबा, सही करण्याआधी जरा थांबा."